पट्ट्याला जागा लागते

चि. बाळू,

तुझ्या खेळातला शस्त्रांचा तक्ता पाहिला. तलवारीला आठ बाजूंचा फासा, कट्यारीला चार, दांडपट्ट्याला थेट बारा. मग लेका, कट्यार घेईल कोण?

१९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा खेळ निघाला, तेव्हा शस्त्र कोणतंही असो, जखम एका सहा बाजूंच्या फाशाचीच. शस्त्रागणिक वेगळे फासे पुढच्या वर्षी ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आले. म्हणजे मोठा फासा नसतानाही खेळ चाललाच होता.

आता पट्ट्याचं ऐक. बारा जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला गेलो होतो. तिथं एक पोरगा दोन्ही हातांत पट्टे घेऊन उतरला. पहिल्याच फेरीला गर्दी अशी मागे सरली की मी शेंगांच्या गाडीवर आदळलो. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो. मनगट वळत नाही, सगळा खेळ खांद्याचा. थांबल्यावर त्याला तहान लागली, तर तांब्या दुसऱ्यानं तोंडाला लावला. तुझ्या तक्त्यात तो तांब्या कुठंच नाही.

तेव्हा पट्ट्याला फासा सहाचाच ठेव. घाव मात्र आसपासच्या सगळ्यांना, सोबत्यालाही. भोवती दोन पावलं मोकळी नसली तर वार नाही, आणि पट्टा हातातून काढायला एक पाळी जावी. कट्यारीचा चार राहू दे, पण राक्षसानं कवेत धरलं की चालेल ती तीच. विटा म्हणजे दोरीचा भाला, फेकला तरी ओढून परत येतो, हेही लिही.

एक हिशेब सांगतो. सहाच्या दोन फाशांची सरासरी सात, बाराच्या एकाची साडेसहा, जवळपास सारखंच. पण पूर्ण बारा पडायची शक्यता दोन फाशांवर छत्तिसात एक, एकावर बारात एक. मुरलेल्या तलवारबाजाला दोन फासे दे, पिसाळलेल्या कुऱ्हाडवाल्याला एक.

तक्ता तपासायला आपलं साखरखेर्डा घे. १७२४ च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्कानं तिथल्या लढाईत मोगल सरदार मुबारिजखानाला मारलं. एक लढाई त्या रानात खेळ, तीच पुन्हा वाड्याच्या जिन्यात. दोन्हीकडे एकच शस्त्र जिंकलं, तर तक्ता फाड.

दिवाळीला येताना फासे आण. पट्टा मी घेईन, कट्यार मामीला दे. लढाई मात्र अंगणात ठेव. माजघरात मामी मला उभं राहू देणार नाही.

तुझा,
मामा