नावाची पट्टी नसलेला रंधा

शंका : आजोबांच्या वखारीत बिडाचे जुने रंधा मशीन पडून आहे. मोटर नाही, पट्ट्याची रुंद पुली आहे. कंपनीचे नाव दिसत नाही. अंगावर उठावाचे आकडे आहेत, तोच मशीन नंबर का? भाऊ ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासू म्हणतो. मशीन कुठले, किती जुने आणि चालवावे का?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

समाधान : भावाला आधी थांबवा. मशीनचा खरा नंबर पंचाने ठोकलेला आणि उथळ असतो. वायर ब्रशने तो कायमचा जातो. टेबलाची कड आणि घासून सपाट केलेल्या जागा रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि बॅटरीचा झोत तिरपा धरून पाहा. उठावाचे आकडे त्या ओतीव भागाचे असतात, मशीनचे नव्हेत. बेअरिंगच्या टोप्यांवर एकदोन आकडे दिसले, तर ते जोडी जुळवण्यासाठी असतात. टोप्यांची अदलाबदल करू नका. पितळी पट्टीचे रिकामे स्क्रू-भोकही शोधा. इंग्लंडमधल्या लेस्टरची वॉडकिन कंपनी (स्थापना १८९७) अशा पट्टीवर मशीनच्या प्रकाराची अक्षरे आणि टेस्ट नंबर देत असे.

नाव नसले तरी आटे बोलतात. अर्धा इंच जाडीचा बोल्ट काढा, फूटपट्टी लावून एका इंचातले आटे मोजा. बारा भरले तर व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश माप. तेरा भरले तर अमेरिकन. एका बोल्टवर विसंबू नका, शंभर वर्षांत कोणीतरी बदललेला असतो. बिडातच पाडलेल्या भोकांचे आटे अधिक विश्वासाचे. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांतही व्हिटवर्थच चालायचे, त्यामुळे 'बारा' म्हणजे विलायतीच, असे मात्र नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. पाती ज्यावर बसतात तो ब्लॉक चौकोनी आहे की गोल? चौकोनी ब्लॉक आणि टेबल यांच्यात मोठी फट राहते आणि हात घसरला तर बोटे आत ओढली जातात. हाताने लाकूड सरकवायच्या रंध्यावर गोल ब्लॉकच हवा, असा नियम ब्रिटनने १९२२ साली केला. तुमचे मशीन ब्रिटिश असून ब्लॉक चौकोनी निघाला, तर ते बहुधा त्याआधीचे. असे मशीन जपा, दाखवा, पण चालवू नका. 'आजोबा चालवायचेच की' हे कारण मला पुरेसे वाटत नाही; त्या पिढीतल्या कितीतरी सुतारांची बोटे याच फटीत गेली. गोल ब्लॉक असला, तरी पट्ट्याला आणि पात्यांना झाकणे करून जाणत्या मिस्त्रीकडून बेअरिंगे तपासून घेतल्याशिवाय चालवू नका.

शंका : शिकागोजवळ एका घरसामानाच्या विक्रीत नक्षी कापायची, पायाने चालणारी करवत घेतली. 'बार्न्स, रॉकफर्ड' वाचता येते. पेटंटच्या तारखेतला एक आकडा पुसट आहे. करवत त्याच वर्षीची ना?
(एक वाचिका, इलिनॉय)

समाधान : नाही. पेटंट मिळाल्यावर तोच साचा वर्षानुवर्षे वापरात राही. तेव्हा ती तारीख एवढेच सांगते, की करवत त्याआधीची नाही. रॉकफर्ड तुमच्याच राज्यात आहे आणि डब्ल्यू. एफ. व जॉन बार्न्स यांची कंपनी वाफेचे इंजिन न परवडणाऱ्या छोट्या कारागिरांसाठी अशी पायडलची यंत्रे करी. पुसट आकड्यावर एक उपाय आहे. बार्न्स कंपनीच्या काळापासून अमेरिकन पेटंटे मंगळवारीच दिली जातात. शक्य असलेल्या तारखा जुन्या कॅलेंडरवर ताडून पाहा. मंगळवार नसेल ती बाद. एकाहून अधिक तारखा असल्या तर सगळ्यांत अलीकडची धरा, करवत तिच्यानंतरची असणार.