गाईगुरांची डॉक्टर व्हायचंय? मिडवेस्टमध्ये नव्याने आलेल्या घरांसाठी

इथे नव्याने आलेल्या घरांतून दर वर्षी कुणीतरी विचारतंच: मुलगी नववीत आहे, गाईगुरांची डॉक्टर व्हायचं म्हणते, बारावी झाली की अर्ज कुठे करायचा? आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस आणि मिनेसोटातल्या ज्या मराठी घरांतली मुलं या वाटेने गेली, त्यांच्याशी बोलून हे जमवलं आहे. प्रत्येकाने आधी हेच सांगितलं की नववीत विचारताय ते बरं, बारावीत विचारलं असतंत तर उशीर झाला असता.

आपल्याकडे बारावी, मग नीट, मग परळ, शिरवळ किंवा नागपूरला साडेपाच वर्षांची बी.व्ही.एस्सी. इथे पशुवैद्यकाची पदवी, म्हणजे डीव्हीएम, कॉलेजनंतर येते. रुळलेला हिशेब चार अधिक चार वर्षांचा. शेतावरच्या जनावरांचे डॉक्टर कमी पडतात म्हणून काही विद्यापीठांनी यात जवळची वाट काढून दिली आहे. तिचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि आईबाप ते हमखास एकमेकांत मिसळतात.

एक वाट वर्ष वाचवणारी. तीन वर्षं ॲनिमल सायन्सची करायची, आणि व्हेट स्कूलच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट कॉलेजच्या चौथ्या वर्षासाठी धरले जातात. मिनेसोटा विद्यापीठाचा व्हेटफास्ट हा कार्यक्रम खास अन्नोत्पादक जनावरांकडे वळणाऱ्या मुलांसाठी आहे. त्यात दोन्ही पदव्या सात वर्षांत होऊ शकतात. दुसरी वाट जागा आधीच राखून ठेवणारी. कॅन्सस स्टेटमध्ये एसीटी या प्रवेशपरीक्षेत २९ किंवा अधिक गुण मिळवून प्रीव्हेट घेणाऱ्या मुलांना मुलाखतीनंतर व्हेट स्कूलचा प्रवेश फार लवकर निश्चित करता येतो, अर्थात पुढे गुण टिकवले तर. नेब्रास्काचं मात्र वेगळं आहे. तिथल्या मुलांची डीव्हीएमची पहिली दोन वर्षं लिंकनला आणि उरलेली दोन आयोवा स्टेटला, एम्समध्ये होतात. या टू-प्लस-टूमध्ये एकही वर्ष वाचत नाही. वाचतो तो परराज्यातल्या फीचा भार.

वर्ष वाचवण्याचा आपल्या लोकांना फार मोह होतो. त्यात धोका असा की ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स हे सगळं तीन वर्षांत बसवावं लागतं. पहिल्या सेमिस्टरला एक विषय चुकला की पुढची सगळी घडी विस्कटते. एपीचे, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचे, क्रेडिट प्रत्येक व्हेट स्कूल धरतंच असं नाही, ते आधी विचारून घ्या. आमचं स्पष्ट मत असं: जागा आधी मिळत असेल तर जरूर घ्यावी, वर्ष वाचलं तर वाचलं. त्यासाठी पोरीची दमछाक करू नये.

आता खरं काम. अर्जात दोन रकाने असतात: जनावरांचा अनुभव आणि पशुवैद्यकाच्या हाताखालचा अनुभव. शेजारच्या डेअरीवर वासरं सांभाळली तर ते पहिल्यात, डॉक्टरांच्या ट्रकमधून गोठे फिरलात तर ते दुसऱ्यात. घरच्या कुत्र्याच्या प्रेमावर या वाटेचा प्रवेश मिळत नाही. मुलाखतीत समोर बसलेल्यांना हवं असतं ते मूल शेणात उभं राहिलंय की नाही हे. शाळेत एफएफए ही शेतीची विद्यार्थी संघटना असेल तर त्यात घाला, गावात फोर-एच हा मुलांचा क्लब असेल तर त्यात. काउंटी फेअरमध्ये वासरू घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला आम्ही बघितलंय. तिच्या आईला आधी ते नको होतं, पुढे तीच पहाटे पाचला गाडी काढायची.

एका घरातली मुलगी दहावीनंतरच्या सुट्टीत डेअरीवर जायला लागली. गाय व्याली की पहिलं काम चीक काढायचं. आपल्याला चीक म्हटलं की खरवस आठवतो; तिच्या हातात मात्र रिफ्रॅक्टोमीटर दिला. काचेवर चिकाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. ब्रिक्स २२ किंवा वर असेल तर चांगला, तो वासराला पाजायचा. होल्स्टिनच्या वासराला पहिल्या काही तासांत चारेक लिटर पोटात जायला हवा, कारण आईच्या पोटातून त्याला प्रतिकारशक्ती मिळालेली नसते आणि जसजसे तास जातात तसतशी चिकातली ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद सरते. मुलाखतीत तिला तू नेमकं काय केलंस असं विचारलं, तेव्हा तिने हेच सांगितलं, आकड्यासकट.

घरात एक बोलणं उघडपणे व्हायला हवं. इथली बरीच गुरं आणि सगळी डुकरं मांसासाठी वाढवली जातात. आयोवात एकेका शेडमध्ये २,४०० डुकरं असतात. तिथला डॉक्टर एकेकाला तपासत बसत नाही, तो लस, हवा, खाद्य आणि नोंदवह्या बघतो, आणि मेलेलं जनावर फाडून कारण शोधतो. शाकाहारी घरातली मुलंही हे काम मनापासून करतात. जनावर जगेल तितके दिवस त्याला वेदना होऊ नये, ही जबाबदारी त्यांना पटलेली असते. पण हे कॉलेजात गेल्यावर कळू नये. आधी दाखवा, मग मुलांनाच ठरवू द्या.

सुट्टीत भारतात मामाच्या गोठ्यावर काम केलं तर ते तास अर्जात चालतात का? चालतात, आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाताखालचा अनुभवही नोंदवता येतो. त्यांचं नाव, फोन आणि तारखा तेव्हाच लिहून ठेवा. मात्र आपल्याकडे लाळ-खुरकूत आहे, अमेरिकेत १९२९ नंतर तो रोग आलेला नाही. म्हणून परतताना कस्टम्सच्या फॉर्मवर गोठ्यात गेल्याचं खरं लिहायचं, बूट धुऊन आणायचे आणि निदान पाच दिवस इथल्या गुरांजवळ जायचं नाही. ज्या डेअरीवर ती जाते त्या मालकालाही सांगायचं. तो वाईट वाटून घेणार नाही, उलट हिला समजतं म्हणेल.

व्हिसाची गोष्ट कुणी वेळेवर सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. एच-४ वरचं मूल २१ वर्षांचं झालं की तो दर्जा संपतो, आणि ही वाट सात-आठ वर्षांची, म्हणजे २१ वं मधेच येतं. ग्रीन कार्ड तोवर आलं नाही तर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. राज्याच्या रहिवाशाची फी मिळेल का, हे त्या त्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसकडून लेखी घ्या. वकिलाशी बोलायचं ते अकरावीत, प्रवेश झाल्यावर नव्हे.

पैशाचं थोडक्यात. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळतं, त्यामुळे बाकीची तजवीज आधी करावी लागते. कॅन्ससने २००६ मध्ये योजना काढली: शिकताना वर्षाला २०,००० डॉलर, आणि पदवीनंतर त्यातल्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष छोट्या लोकसंख्येच्या काउंटीत काम. रक्कम आणि अटी बदलत राहतात, ताज्या बघून घ्या. केंद्राचीही योजना आहे, ज्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केल्यावर कर्ज फेडायला मदत मिळते. छोट्या गावात राहायची तयारी असेल तरच यांत पडा. तिथे मराठी घर शे-दीडशे मैलांवर असतं.

सुरुवात एका फोनने होते. घराजवळच्या मिश्र प्रॅक्टिसला, म्हणजे गुरं आणि कुत्री-मांजरं दोन्ही बघणाऱ्या दवाखान्याला, मुलीनेच फोन करावा. आईबापांनी केला तर तो धरत नाहीत. वय, शाळा, कुठले वार मोकळे आहेत आणि स्वतःचे रबरी बूट आहेत, एवढं बोलली तरी पुरे. नाही म्हणाले तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा करावा. तेव्हा बीफच्या गाई विण्याचा हंगाम असतो, रात्री-अपरात्री अडलेल्या गाईसाठी बोलावणी येतात, आणि टॉर्च धरायला हात कमी पडतात.