कळपामागचा संसार

शेतकऱ्याचे धन शेतात असते. मेंढपाळाचे धन चार पायांनी चालते. म्हणूनच हिमालयातील अनेक लोकांस ऋतू पालटला, की बिऱ्हाड हलवावे लागते. लोक त्यांस भटके म्हणतात. परंतु त्यांची वाट ठरलेली असते. ती ठरवितात गवत, बर्फ आणि पाळलेली जनावरे.

हिमाचल प्रदेशातील गद्दी लोक शेळ्यामेंढ्या पाळतात. चंब्यातील भरमौर भागात व धौलाधार पर्वताच्या उतारांवर त्यांची गावे आहेत. हिवाळ्यात ते कांगड्याकडील सखल टेकड्यांत उतरतात आणि उन्हाळ्यात उंच खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणांपर्यंत जातात. मेंढी काटक असल्याने हा अवघड प्रवास तिला साधतो. लोकर हे गद्द्यांचे मोठे धन होय. अंगातील चोळा लोकरीचा आणि कमरेस गुंडाळलेला लांबलचक दोरही लोकरीचाच!

उत्तराखंडातील वनगुज्जरांची लक्ष्मी म्हणजे म्हैस. तिला पाणी, सावली व विपुल चारा हवा. म्हणून हिवाळ्यात ते शिवालिकच्या जंगलात राहतात व झाडांवर चढून तिच्यासाठी पाला तोडतात. उन्हाळ्यात ते उंचावरील 'बुग्याल' नावाच्या कुरणांकडे निघतात. दूध फार काळ टिकत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक जवळ असावे लागते.

लडाखचे चांगपा मात्र हिवाळ्यातही खाली उतरत नाहीत. 4,000 मीटरहून उंच अशा चांगथांग पठारावरच ते याक, मेंढ्या व शेळ्या घेऊन फिरतात. कडाक्याच्या थंडीमुळे तेथील शेळीच्या राठ केसांखाली अतिशय मऊ लोकर वाढते. हीच पश्मिना. थंडी सरल्यावर ती विंचरून काढतात. काश्मीरच्या प्रसिद्ध शाली तिच्याच विणतात. जी थंडी माणसास छळते, तीच त्याला पोसते!

जनावर बदलले, तसा या तिघांचा धंदा बदलला. परंतु तिघांचेही संकट एकच आहे. 1962 च्या युद्धानंतर चांगपांची सीमेपलीकडील कुरणे तुटली. राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून अनेक वनगुज्जर कुटुंबांस हलविण्यात आले. गद्द्यांच्या जुन्या वाटांवर आज रस्ते व घरे झाली आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा पशुपालकांचा वनातील हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. तो पदरात पडणे मात्र सोपे नाही.

कळप पुढे गेला, म्हणजे मागचे गवत पुन्हा वाढते. हे चालणे म्हणजे उगाच भटकणे नव्हे. तीच त्यांची शेती होय. वाट अडली, तर ती शेतीच बुडते.