पांदणीत ट्रॅक्टर रुतल्यास घ्यावयाची काळजी

अकोला व अमरावती जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात जमीन काळी, भारी व चिकण आहे. निचरा मंद असल्याने पावसाळ्यात पांदणीत ट्रॅक्टर रुततो. एकटा चालक मग पुढे जोर लावतो, आणि तेथेच घात होतो. मागची चाके फिरेनाशी झाली, की इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला जातो व १-२ सेकंदांत तो मागे उलटतो. उडी मारण्यास वेळ मिळत नाही. म्हणून :

१) चाके जागीच फिरू लागताच थांबावे. इंजिन बंद करूनच खाली उतरावे.

२) भरलेली ट्रॉली रिकामी करावी. मागच्या चाकांमागचा चिखल उकरून पऱ्हाट्या टाकाव्यात.

३) पुढची चाके सरळ ठेवून डिफरेन्शियल लॉक लावावा व ट्रॅक्टर हळूहळू मागे घ्यावा. वळण्यापूर्वी लॉक काढावा.

४) चाकांना लाकूड बांधून ट्रॅक्टर पुढे काढू नये.

५) दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी त्याच्या खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. साखळीजवळ कोणी उभे राहू नये.

तरीही न निघाल्यास ट्रॅक्टर तेथेच सोडून घरी यावे. वाफसा आल्यावर तो निघतोच. एकट्याने जाताना कोणत्या वावरात जातो, हे घरी अवश्य सांगावे.