पिसे पालटण्याचे दिवस

चाळिसाव्या वर्षी गरुड उंच कड्यावर जातो, खडकावर आपटून चोच मोडतो, नखे व पिसे उपटून टाकतो आणि पुढे आणखी तीस वर्षे जगतो, ही कथा आपण व्याख्यानांतून अनेकदा ऐकली असेल. कथा प्रेरक आहे. परंतु ती खरी नाही. चोच मोडलेला गरुड उपासमारीने मरेल. अमेरिकेत १९७७ साली पायात कडे घातलेला पांढऱ्या डोक्याचा एक गरुड २०१५ साली मृतावस्थेत आढळला; त्याचे ३८ वर्षांचे आयुष्यही असाधारण दीर्घ ठरले.

पक्ष्यांचे खरे नूतनीकरण याहून शांत आणि अधिक बोधप्रद असते. पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते. झिजले की ते दुरुस्त होत नाही. त्याच जागी उगवणारे नवे पीस त्याला बाहेर ढकलते. कावळ्याच्या प्रत्येक पंखाच्या टोकाकडील दहा मोठी पिसे आतून बाहेर अशा क्रमाने, दोन्ही बाजूंना साधारण एकाच वेळी गळतात. त्यामुळे तोल सांभाळला जातो व उड्डाण चालू राहते. मोठ्या गरुडांना सर्व उड्डाणपिसे पालटण्यास एकाहून अधिक वर्षे लागतात.

चक्रवाकाची रीत निराळी आहे. लडाखसारख्या उंच प्रदेशात वीण आटोपल्यावर त्याची उड्डाणपिसे एकदमच गळतात. सुमारे महिनाभर तो उडू शकत नाही आणि जलाशयाच्या आश्रयाने राहतो. नवे पंख आल्यावरच तो हिवाळ्यासाठी मैदानी प्रदेशात उतरतो. पिसे घडवणे शक्तीचा मोठा व्यय करणारे असल्याने बहुतेक पक्षी वीण, पिसे पालटणे आणि दीर्घ स्थलांतर ही कामे शक्यतो एकाच वेळी अंगावर घेत नाहीत.

पन्नाशीत नवी कार्यप्रणाली शिकणाऱ्या कर्मचाऱ्याने किंवा निवृत्तीनंतर नवा दिनक्रम आखणाऱ्या ग्राहकाने कावळ्याचा मार्ग धरावा. एका वेळी एकच जुनी सवय सोडावी, तिच्या जागी नवी रुजू द्यावी आणि नित्याचे काम चालू ठेवावे. आजारपण किंवा प्रियजनांचा वियोग मात्र माणसाला चक्रवाकाप्रमाणे काही काळ जमिनीवर आणतो. अशा वेळी थांबण्यात पराभव नसतो. तेव्हा आश्रयाचे पाणी हवे असते: जिव्हाळ्याची माणसे आणि बऱ्या दिवसांत बाजूला ठेवलेली थोडी पुंजी. ती तरतूद मात्र पंख शाबूत असतानाच करावी लागते.