एकट्याने हिमालयात : निघण्यापूर्वीचा अभ्यास

तरुण मनाला हिमालयाची ओढ वाटणे ही आपल्या देशात नवी गोष्ट नव्हे. साताऱ्यास जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१२ साली स्वामी आनंदांच्या संगतीने हिमालयात पायी हिंडले, व त्या भ्रमंतीचे वर्णन त्यांनी पुढे गुजराथीत लिहिले. आमच्या कोल्हापूरचीच कन्या कस्तुरी सावेकर हिने २०२२ साली एव्हरेस्ट शिखरावर पाऊल ठेवले, आणि तेव्हापासून येथील मुलामुलींना ते पर्वत पूर्वीइतके दूरचे वाटत नाहीत.

त्यांतही काहींच्या मनात एक विशेष इच्छा असते. आपण एकट्यानेच जावे, असे त्यांना वाटते. या इच्छेची थट्टा करण्याचे कारण नाही. एकांतात मनुष्याला स्वतःची जी ओळख पटते, ती घोळक्यात पटत नाही. परंतु तीच इच्छा ऐकून आईबापांच्या काळजात धस्स होते, व तेही स्वाभाविकच आहे. मुलगा म्हणतो, "मी जाणार." वडील म्हणतात, "मुळीच नाही." आणि या ओढाताणीत खरा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. तो प्रश्न असा की, तयारी काय केली आहे? बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानातील दृष्टांत आपण वर्गात शिकलो आहोत. तोच दृष्टांत आज आपण प्रवासास लावून पाहू.

विवेचन हवेत राहू नये म्हणून आम्ही एकच वाट उदाहरणादाखल घेतो. कुमाऊं प्रांतात गोरीगंगेच्या काठाने मुन्स्यारीहून मिलम या गावी जाणारी ही वाट आहे. १९६२ च्या युद्धापूर्वी येथील लोक तिबेटाशी व्यापार करीत. तो व्यापार बंद पडला आणि वाटेवरील गावे बहुतांशी ओस झाली. आता थोडी कुटुंबे उन्हाळ्यात वर येतात व थंडीपूर्वी खाली उतरतात. निर्जन प्रदेश कसा असतो, हे समजण्यास ही वाट पुरेशी आहे.

१. एकटे जाणे म्हणजे काय?

याच मिलम गावच्या नैनसिंग रावत यांची कथा प्रथम पाहू. तिबेटात परकीयांस बंदी होती, म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याने त्यांना गुप्तपणे पाठविण्याचे ठरविले. त्याआधी दोन वर्षे डेहराडून येथे त्यांचे शिक्षण झाले. प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे टाकण्याचा सराव त्यांनी केला. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवले आणि दर शंभर पावलांस एक मणी ओढून ते अंतर मोजीत. पाणी किती अंशांवर उकळते हे पाहून ते जागेची उंची काढीत. १८६५ साली निघून १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासा येथे पोचले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, या धाडसी पुरुषाने दोन वर्षे केवळ तयारीस दिली, आणि वाटेत शक्य तेथे व्यापाऱ्यांच्या तांड्याची सोबत सोडली नाही.

दुसरे उदाहरण साधू सुंदरसिंग यांचे. ख्रिस्ताचा संदेश घेऊन ते कितीतरी वेळा तिबेटाच्या वाटेस गेले होते. १९२९ च्या एप्रिलमध्ये सिमल्याजवळील सबाथू येथून ते पुन्हा निघाले, आणि परत आलेच नाहीत. स्नेह्यांनी शोध केला, परंतु त्यांचा मागमूस लागला नाही. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तथापि वाट पायाखालची असली म्हणजे पर्वत दया करतो असे नाही, एवढा बोध त्यातून घेतलाच पाहिजे.

तिसरे उदाहरण दूर अमेरिकेच्या उत्तर टोकाचे, अलास्का प्रांतातील आहे. क्रिस्टोफर मॅककँडलेस नावाचा चोवीस वर्षांचा सुशिक्षित तरुण १९९२ च्या एप्रिलमध्ये थोडा तांदूळ व एक बंदूक घेऊन तेथील अरण्यात एकटाच शिरला. आपण कोठे जातो हे त्याने घरी कळविले नव्हते, आणि त्या प्रदेशाचा नीट नकाशाही त्याच्यापाशी नव्हता. जुलैमध्ये तो परत निघाला, तेव्हा येताना सहज ओलांडलेली नदी बर्फाच्या पाण्याने दुथडी भरून वाहत होती. तो मागे वळला व एका टाकलेल्या बसगाडीत उपासमारीने मरण पावला. सप्टेंबरमध्ये त्याचे प्रेत सापडले. नदी ओलांडण्यासाठी तारेवरून हाताने ओढावयाचा एक पाळणा तेथून मैलाच्या आतच होता! साधा नकाशा असता तर ती जागा त्याला दिसली असती. घरी एक पत्र असते तर कोणी शोधावयास आले असते. पुढे ती गाडी पाहण्यास जाणाऱ्यांपैकीही काहीजण त्याच नदीत बुडाले, तेव्हा २०२० साली सरकारने ती तेथून उचलून नेली.

या तिन्ही कथांवरून आम्ही असे समजतो की, एकट्याने चालणे ही एक गोष्ट आहे आणि कोणास न कळविता जाणे ही दुसरी. पहिलीत धैर्य असू शकते. दुसरीत केवळ अविचार आहे.

२. काळ व वाट

हिमालयाच्या या भागात पावसाळा साधारणतः जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. त्या दिवसांत दरडी कोसळतात व वाटा वाहून जातात. म्हणून मे व जूनचा आरंभ किंवा सप्टेंबरअखेर व ऑक्टोबर हा काळ योग्य होय. त्यावरही विसंबू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये, पावसाळा सरला असे सर्वांस वाटत असता, उत्तराखंडात अतिवृष्टी व हिमवृष्टी होऊन कित्येक गिरिप्रवासी मृत्युमुखी पडले.

कोल्हापुराहून दिल्ली व तेथून काठगोदाम असा आगगाडीचा प्रवास करावा. पुढे मुन्स्यारीपर्यंत मोटारीने सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे. मुन्स्यारीहून लीलम, बुगडियार व रिलकोट येथे मुक्काम करीत चौथ्या दिवशी मिलम गाठावयाचे, अशी जुनी रीत आहे. प्रदेश सीमेलगतचा असल्याने मुन्स्यारीच्या सरकारी कचेरीतून परवाना घ्यावा लागतो. वाटेवर सीमा पोलिसांची ठाणी आहेत. तेथे नाव नोंदविण्याचा कंटाळा करू नये. नियम व रस्ते दोन्ही बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजी चौकशी करणे अवश्य आहे.

हिमनदीतून येणाऱ्या ओढ्यांचा स्वभाव आपल्या पंचगंगेहून निराळा असतो. दिवसा उन्हाने बर्फ वितळते व दुपारनंतर पाणी चढते. रात्री गारठ्याने ते ओसरते. म्हणून ओढा ओलांडणे ते पहाटे. सायंकाळी भरलेला ओढा पाहून धीर खचू देऊ नये व धाडसही करू नये; सकाळपर्यंत थांबावे.

३. उंचीचा हिशेब

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंच आहे, तर मिलम ११,००० फुटांहून अधिक. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो, अर्थात प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. आपल्या गावी पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते, तर तेथे ८८ ते ८९ अंशांवरच. यामुळेच उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. आणि नैनसिंगांना उष्णतामापकावरून उंची कळे, तीही याच नियमाने. शाळेतील पदार्थविज्ञान असे डोंगरावर उपयोगी पडते.

शरीराला या विरळ हवेची सवय हळूहळू होते. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर एका दिवसात निजण्याची जागा सोळाशे फुटांहून अधिक चढवू नये, व दर तीनचार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही पहिली सूचना होय. ती मिळताच वर चढू नये. चालताना झोक जाणे, बसल्या जागी धाप लागणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे दिसली तर, रात्र असो वा दिवस, ताबडतोब खाली उतरले पाहिजे. एकट्या प्रवाशाचे संकट असे की, बुद्धीच मंदावते आणि ती मंदावली हे सांगणारा जवळ कोणी नसतो. म्हणून ही लक्षणे कागदावर लिहून खिशात ठेवावी व रोज सायंकाळी ती वाचून स्वतःची परीक्षा घ्यावी.

४. सामान व शिधा

पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. सुती कपडा भिजला म्हणजे अंगातील ऊब ओढून घेतो. लोकर भिजली तरी पुष्कळ ऊब राखते, हे आपले धनगर बांधव पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. कोरड्या कपड्यांचा एक जोड मेणकापडात बांधून केवळ निजण्यासाठी ठेवावा. नकाशा, होकायंत्र, शिटी, विजेरी, आगपेटी व औषधे ही ओझ्यात न ठेवता हाताशी ठेवावी. शिध्यात आपला गूळ, शेंगदाणे, मेतकूट व तिखटमिठाच्या दशम्या यांस तोड नाही, कारण त्यांस शिजविणे लागत नाही. नेमक्या दिवसांचा शिधा घेऊन वर आणखी दोन दिवसांचा घ्यावा, व तो कोणत्याही मोहाने आधी उघडू नये.

मुन्स्यारीपुढे भ्रमणध्वनीचा भरवसा धरू नये. परदेशांतील प्रवासी उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी यंत्रे बाळगतात; परंतु आपल्या देशात सरकारी परवान्यावाचून तसे यंत्र जवळ ठेवणे हा गुन्हा आहे, हे ध्यानात असावे.

५. घरी ठेवावयाचा कागद

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. निघण्यापूर्वी एका कागदावर पुढील गोष्टी सुवाच्य अक्षरात लिहाव्या : रोजचा मुक्काम, निरोप पाठविता येईल असे शेवटचे ठिकाण, अंगावरील कपड्यांचा व तंबूचा रंग, रक्तगट व नेहमीची औषधे, मुन्स्यारीच्या पोलीस ठाण्याचा दूरध्वनी, आणि एक मर्यादेची तारीख.

ही तारीख कशी काढावी? समजा, १ ऑक्टोबरला मुन्स्यारी सोडली. चार दिवस चढणीचे, म्हणजे ४ तारखेस मिलम. ५ व ६ तेथे विसावा. ७, ८ व ९ हे दिवस उतरणीचे. १० व ११ हे दोन दिवस पाऊस, दरड वा आजारपण यांसाठी राखीव. म्हणून ११ तारखेची सायंकाळ ही मर्यादा. तोवर निरोप न आला तर १२ च्या सकाळी घरच्यांनी ११२ वर व मुन्स्यारीच्या ठाण्यावर कळवावे. कागदाची एक प्रत घरी, दुसरी विश्वासू मित्रापाशी व तिसरी मुन्स्यारीत मुक्कामाच्या जागी असावी.

हा कागद म्हणजे दोन्ही पक्षांचा करार आहे. मुलाने वचन द्यावयाचे की, कागदावर नाही ती वाट मी निरोप ठेवल्यावाचून धरणार नाही. आईबापांनी वचन द्यावयाचे की, मर्यादेपूर्वी आम्ही उगाच घाबरणार नाही व मर्यादेनंतर एक तासही दवडणार नाही. ज्या घरात असा कागद लिहिला जातो, तेथे भांडणाचे कारण पुष्कळसे नाहीसे होते. ज्याला तो लिहिता येत नाही, त्याची तयारी झालेली नाही हे उघड आहे.

६. परत फिरण्याची विद्या

चढण्याचे धैर्य सर्वांस दिसते. परत फिरण्याचे धैर्य पाहावयास कोणी नसते. वर उल्लेखिलेल्या कस्तुरीस २०२१ साली प्रतिकूल हवामानामुळे एव्हरेस्टचे शिखर न गाठताच माघारी यावे लागले होते. ती परतली, म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकली. कोणत्या चिन्हावरून परत फिरावयाचे हे घरी, निवांत मनाने, आधीच ठरवून लिहून ठेवावे. शिखर समोर दिसू लागल्यावर मनुष्य चांगला न्यायाधीश राहत नाही.

आता शेवटची गोष्ट. शाळेत असतानाच कोणी एकट्याने मिलमला जावे, असा या लेखाचा हेतू मुळीच नाही. हा अभ्यासक्रम काही वर्षांचा आहे. आधी पाठीवर ओझे घेऊन जोतिबाचा डोंगर चढावा. मग जाणत्यांच्या तुकडीबरोबर पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पावसाळ्यात चालावी. जुलै १६६० मध्ये महाराज ज्या वाटेने गेले, ती वाट रात्र, चिखल व ओढे यांसह काय मागते, ते तेथे कळते. त्यानंतर सह्याद्रीत तंबूत राहावे. अठरा वर्षे पुरी झाल्यावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करावा. एकदोनदा सोबतीने हिमालयात जाऊन यावे. इतके झाल्यावरही एकट्याने जाण्याची इच्छा टिकली, तर ती खरी इच्छा होय.

आणि अशा वेळी, पालकहो, "का जातोस?" असे विचारू नये. "कागद दाखव," असे म्हणावे. तो शेजारी बसून वाचावा, शंका विचाराव्या, आणि बिनचूक असेल तर त्यावर आपलीही सही करावी. मग तो एकटा चालला तरी, त्याचा प्रत्येक मुक्काम घरी कोणीतरी मोजीत असेल.