फडक्याला लागलेली काजळी

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या. दोन महिन्यांचा खोकला, रात्री जास्त. “घरात धुळीचा कण नाही हो डॉक्टर, दोनदा फरशी पुसते,” म्हणत त्यांनी पिशवीतून खिडकीची जाळी पुसलेलं फडकं काढून दाखवलं. मी बोटाने चोळून पाहिलं. धूळ असती तर खरखरीत लागली असती, झटकून गेली असती. हे काळं आणि तेलकट होतं, हात धुताना दोनदा साबण लावावा लागला. विचारलं तेव्हा कळलं, घर हमरस्त्याला लागून, खाली लाकडाच्या भट्टीची बेकरी, आणि झोपताना उशाशी डासांची कॉइल.

धूळ वेगळी, ही काजळी वेगळी. बांधकामाची धूळ म्हणजे माती, खडी, सिमेंट. त्रास तिचाही होतो, पण तिचे बहुतेक कण मोठे असतात, नाकात आणि घशात अडकतात. जळण्यातून येणारे कण 2.5 मायक्रॉनहून लहान, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक. ते थेट वायुकोशांपर्यंत उतरतात, त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही जातात. म्हणून प्रदूषणाने दम्याबरोबरच हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2013 साली हे कण कर्करोगकारक ठरवले.

फडक्यावर दिसतो तो काळा कार्बन, त्याला चिकटलेली शेकडो सेंद्रिय रसायनं तेलकटपणा आणतात. डिझेल, लाकूड, गोवऱ्या, कचरा, सगळ्यांतून ती येतात. प्रयोगशाळेत कण तपासले की उगमही ओळखता येतो: पोटॅशियम लाकूडफाट्याचं, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम फटाक्यांचं, आणि आपल्या मुंबईत सोडियम समुद्राचं.

पण मोठा हिस्सा फडक्यावर काळा दिसतच नाही, कारण तो हवेतच तयार होतो. कोळशातून सल्फर डायऑक्साइड आणि गाड्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं वायू म्हणूनच बाहेर पडतात. हवेत त्यांची आम्लं होतात, आणि शेण-मूत्र, युरिया यांतून सुटलेला अमोनिया भेटला की त्यांचे क्षार, म्हणजे घन कण बनतात. म्हणूनच धुराडं शंभर किलोमीटरवर असलं तरी त्याचा कण आपल्या घरी पोचतो. नायट्रेटचे कण थंडीत टिकतात, उष्णतेने पुन्हा वायूत जातात. त्यात पहाटे मतलई वारा मंद असतो आणि थंड हवा जमिनीलगत बसून राहते. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी हिवाळ्यात पहाटे पाचला फिरायला जाऊ नये, असं मी सांगतो ते यासाठी. ऊन वर येऊ द्या, गल्ली-बागेतून चाला, हमरस्ता टाळा.

ॲपवर ‘समाधानकारक’ वाचून निश्चिंत होऊ नका. 2.5 मायक्रॉनहून लहान कणांसाठी आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 15. बाहेर पडणं भाग असेल तर एन-95 मास्क नाकावर घट्ट बसवा. रुमाल बांधून हे कण अडत नाहीत.

बाहेरची हवा एकट्याने सुधारत नाही, घरातली मात्र आजपासून सुधारते. एका कॉइलमधून शंभराच्या आसपास सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लावा. उदबत्ती लावायचीच तर खिडकी उघडी ठेवून, बाळाच्या खोलीत नको. बंबात प्लास्टिक, रबर घालू नका. आणि सोसायटीत पाला पेटवला जात असेल तर ‘पालाच तर आहे’ म्हणून गप्प राहू नका, त्याचं खत करायला लावा.

आजींची आधी छाती तपासली, बेडक्याची तपासणी केली, दम्याचं औषध सुरू केलं. कॉइल बंद झाली, रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी बंद राहू लागली. तीन आठवड्यांत रात्रीची झोप लागायला लागली. तुमचाही खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला असेल तर हवेवर ढकलून घरी बसू नका, तपासून घ्या. आणि इनहेलर चालू असेल, तर बरं वाटलं म्हणून हिवाळ्यात तो स्वतःच्या मनाने बंद करू नका.